गॅस बँड

साध्या प्रश्नाला आमच्या बायकोइतकं वाकडं उत्तर देणारी बाई उभ्या इंदिरानगरात दुसरी नव्हती. बाकीच्या नाशकात असेल तर मला माहीत नाही, मी घर सोडून फार लांब जात नाही. का जात नाही ते पुढे येईलच. त्या रविवारी दुपारी चारच्या सुमाराला आम्ही दोघं मेथी आणायला निघालो. कुलूप लावलं, तीन जिने उतरलो, खाली कडुनिंबाजवळच्या सिमेंटच्या बाकापाशी आलो आणि रोजच्यासारखं माझ्या पोटात कालवलं. मी विचारलं, "गॅस बंद?" ती बाकावर टेकली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "जा, बघून या." मी वर गेलो, बघून आलो. मग वाटलं, गॅस बघितला पण मागच्या दाराची कडी नाही बघितली. परत गेलो, परत आलो. मग वाटलं, शेगडीचं बटण बघितलं, पण सिलिंडरचं? तिसऱ्यांदा वळलो तेव्हा ती मागून म्हणाली, "डाव्या हाताला मुंग्या." मी न थांबता म्हटलं, "बरं आहे नाव. आलोच." आणि जिना चढायला लागलो. उतरून आलो तेव्हा ती झाडाला डोकं टेकून बसली होती, पिशवी मांडीवर तशीच, आणि ती गेलेली होती.

आता "डाव्या हाताला मुंग्या" याला नाव कोण म्हणेल? शहाणा माणूस म्हणणार नाही. तो धावत रिक्षा आणेल. पण आमच्या घरात ते नाव असू शकत होतं. तिने दुखणं सांगितलं की बँडचं नाव सांगितलं, एवढंच मला पाहिजे आहे, आणि तेच मिळत नाही. म्हणून ती बाई कशी होती ते पहिल्यापासून सांगतो; तुम्हीच काय ते ठरवा. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, अंबडला एका कारखान्यात एकतीस वर्षं भट्टीवर काढली, लिहिण्यात कमीजास्त होईल ते चालवून घ्या.

आधी माझं सांगावं लागेल, कारण तिची सगळी नावं माझ्या पोटातून निघालेली आहेत. मी भितो. लोक झुरळाला भितात, सापाला भितात, तसं नाही. मी चालू राहिलेल्या वस्तूंना भितो. आमच्या कारखान्यात लोखंडाचे भाग लाल करून तेलात बुडवायचे आणि शिफ्ट सुटताना भट्टी बंद झाली का हे बघणारा शेवटचा माणूस मी. बाकीचे हात धुऊन सायकलीवर बसायचे, मी बटणावर हात ठेवून उभा. रिटायर झालो, भट्टी गेली, हात तसाच राहिला. गॅस, नळ, गिझर, इस्त्री, पुढचं दार, मागचं दार, देव्हाऱ्यातला दिवा, फ्रिजचं दार. लिफ्टमध्ये मी बसत नाही, मध्येच अडकली तर. पंख्याच्या बरोबर खाली झोपत नाही, निखळला तर. एकदा द्राक्षं खाताना बी गिळली गेली असेल का, डॉक्टरकडे जावं का, या विचारात मी अर्धा दिवस काढला, आणि मग बायकोने सांगितलं की द्राक्षं बिनबियांची होती.

ती याच्या बरोबर उलटी. पिंपळगाव बसवंतकडची, मळ्यात वाढलेली. घरात साप निघाला तर "जा बाबा तुझ्या वाटेनं" म्हणून काठीने बाजूला सारणारी. लग्नानंतर चाळीस वर्षं तिने माझं "बंद केलं का" ऐकून घेतलं. आधी आधी ती "हो" म्हणायची. "हो"ने माझं कधी भागलं नाही. मग ती चिडायला लागली. चिडण्याने तर आणखीच शंका यायची, की चिडतेय म्हणजे नक्की विसरली असणार. मग ती हो-नाही म्हणायचीच बंद झाली, नुसती किल्ली माझ्या हातात द्यायची आणि बाकावर जाऊन बसायची. मी जिन्यातून ओरडायचो, "आलोच." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, "तुमचं आलोच म्हणजे प्लंबरचं निघालोय." असं चाललं होतं, आणि मग वरचे साहेब राहायला आले.

वरचे साहेब म्हणजे आमच्या डोक्यावर चौथ्या मजल्यावर राहणारे गृहस्थ. पंचेचाळिशीचे, पूर्ण टक्कल, अंबडलाच एका कंपनीत माल पास-नापास करणारे इन्स्पेक्टर. बोलणं इतकं हळू की "नमस्कार काका" हेसुद्धा कान पुढे करून ऐकावं लागे. असा हा माणूस संध्याकाळी सहा वाजले की ड्रम बडवायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, स्लॅब चालली. मी रेशनकार्डाची पिशवी काखेत मारून बायकोला जिन्यात ओढली. ती म्हणाली, "अहो, स्लॅब कधी तालात पडती का?" आणि उकडलेल्या शेंगांचं भांडं घेऊन वर गेली. मी जिन्यातच उभा. तासाभराने रिकामं भांडं घेऊन उतरली.

"त्यांचा मेटल बँड हाय," ती म्हणाली.

"मेंटल?"

"मेटल. टिंब काढा."

"राहू दे टिंब. शोभतंय."

"लोखंड ओ, लोखंड. तसलं संगीत असतं."

"एमएस की एसएस?" मी विचारलं. साधं लोखंड आणि स्टेनलेस यांचा आवाज वेगळा, तो मला डोळे मिटून कळतो.

"ते नाय विचारलं. लग्नाच्या ऑर्डरी घेता का, ते विचारलं. नाय घेत म्हणाले."

हळूहळू सगळी माहिती खाली आली. बँडात चार माणसं, चौघंही बायकापोरांवाली. गाणारे तर पंचवटीतले गुरुजी. सकाळी यात्रेकरूंची श्राद्धं करायची आणि रविवारी साहेबांकडे येऊन घशातून असा आवाज काढायचा की रसवंतीच्या चरकात ओंडका अडकलाय. मंत्रांनी घसा तयार झालेला, म्हणून जमतं म्हणे. सगळं जुळून आलेलं, फक्त बँडला नाव नव्हतं. असल्या बँडचं नाव ऐकूनच माणूस दचकला पाहिजे, असा रिवाज आहे. मढी, कवट्या, रक्त, सैतान, सगळं इंग्रजीत आधीच कोणी ना कोणी घेऊन ठेवलेलं. साहेब बायकोला म्हणाले, "काकू, दोन वर्षं झाली, घाबरवणारं एक नाव सापडत नाही." ही म्हणाली, "कवटीला कोण भितंय? गुरुजींचं तर रोजचं काम हाय. घाबरायचं सामान पाहिजे तर आमच्या ह्यांच्याकडं या. दुकान हाय भरलेलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दळण आणायला निघालो. कुलूप लावलं, पहिला जिना उतरलो आणि मी विचारलं, "गॅस बंद?"

"गॅस बँड," ती म्हणाली.

मला वाटलं, जीभ वळली. "बंद का?"

"बँड. नाव हाय. पहिलं गाणं, ‘तुम्हीच केला होता’."

मी तिथेच पायरीवर उभा राहिलो. राग आला होता, पण खरं सांगायचं तर मला आठवलं की मीच केला होता. दूध तापवून मीच बटण फिरवलं होतं. त्या दिवशी आम्ही दळण घेऊन आलो आणि मी एकदाही परत वर गेलो नाही. एवढंच बोलली ती, पण चाळीस वर्षांच्या "हो"ने झालं नव्हतं ते त्या एका वाकड्या उत्तराने झालं. तिने ते बघितलं, आणि मग तिला कोण आवरणार.

नळ बँड. पहिलं गाणं, ‘टाकी भरली ओ’. कडी बँड. पहिलं गाणं, ‘चोराला काय न्यायचंय’. दूध उतू गेलं तर ती आधी शेगडी पुसायची नाही, आधी गॅलरीत जाऊन मान वर करून ओरडायची, "साहेब, ‘उतू गेलेलं दूध’." वरून ड्रमचा एकच धप यायचा. एक धप म्हणजे नापास. पास असेल तर झांजेसकट लांबलचक वाजायचं. माल तपासणाऱ्या माणसाची सवय, तो तोंडाने कधी बरं-वाईट बोलला नाही. ‘जळकी इस्त्री’ नापास झालं. ‘लिफ्टमध्ये मी एकटा’ यालाही धप. ‘गॅलरीत बिबट्या’ जवळजवळ पास होत होतं. शहरात बिबट्या शिरल्याच्या बातम्या येतात, मी त्या दिवसांत गॅलरीचं दार लावून बसतो. ही म्हणाली, तिसऱ्या मजल्यावर बिबट्या कशाने येईल? मी म्हटलं, पाइपाने. ती लगेच गॅलरीत. "साहेब, ‘गॅलरीत बिबट्या’. पहिलं गाणं, ‘पाइपाने’." झांज एकदा वाजली, मग थांबली. गुरुजी नको म्हणाले असं नंतर कळलं. त्यांच्या भागात खरंच येऊन गेला होता.

गोदेला पूर आला की अख्खं नाशिक नदीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघतं. पाणी गुडघ्याला, पाणी कमरेला, असं माप. आमचं घर नदीपासून किती लांब, त्यात तिसऱ्या मजल्यावर, पण फोनवर ते फोटो यायला लागले की मी धान्याचे डबे माळ्यावर चढवायला घ्यायचो. एकदा मी असा स्टुलावर उभा, हातात तांदळाचा डबा, आणि ही खाली पाय पसरून लसूण सोलत बसलेली. मी म्हटलं, "अगं, छातीला लागलंय म्हणतात." ती मान वर न करता म्हणाली, "‘मारुतीच्या छातीला पाणी’. काय नाव हाय. पहिलं गाणं, ‘उतरा आता’. तुमच्या छातीला डबा लागंल."

बँकेतली गोष्ट तर त्या बँकेत अजून सांगत असतील. पेन्शनवाल्याला वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागतं, मशीनवर अंगठा ठेवून. माझ्या बोटांवरच्या रेषा भट्टीने केव्हाच खाल्ल्यात. मी अंगठा ठेवला, मशीनने नाही म्हटलं. पुसून ठेवला, नाही. दुसरा ठेवला, नाही. काउंटरवरची पोरगी गंभीरपणे म्हणाली, "काका, सिस्टीम तुम्हाला घेत नाहीये." सरकारात मी मेलो तर दाद कोणाकडे मागायची? मेलेल्याचा अर्ज कोण घेतं? तेवढ्यात मागून हिचा आवाज, "‘हयातीचा दाखला’."

"हो आजी, तोच करतोय," पोरगी म्हणाली.

"तो नाय गं. बँडचं नाव हाय. पहिलं गाणं, ‘अंगठा उमटंना’."

मागे सगळी म्हातारी माणसं रांगेत, सगळ्यांच्या पोटात तेच दुखत होतं. एक जण हसला, मग दुसरा, मग रांगच्या रांग. एका गृहस्थाने तर दुसरं गाणं सुचवलं, ‘डोळा ठेवून बघा’, आणि ते ऐकून पोरीने आतून डोळ्याचं मशीन आणलं. त्या मशीनवर मी जिवंत निघालो.

लोक म्हणतात, बायको नवऱ्याला नावं ठेवते. आमची दोन्ही प्रकारची ठेवायची. मला म्हणायची, तुम्ही एक तरी नाव द्या, सगळं मीच करायचं का? मी खूप डोकं खाजवून एकदा म्हटलं, "भट्टी." ती म्हणाली, "हे नाव नाय, पत्ता झाला. अन् गाणं कुठं हाय?" मला गाणं सुचलं नाही. तो तिचा नेम होता: नाव सांगायचं, जरा थांबायचं, मग पहिलं गाणं. गाणं नसेल तर ते नाव नाही, नुसती कुरकुर. हे नीट लक्षात ठेवा.

शेवटी साहेबांनी एक नाव पास केलं. कुकरचं मला कायम टेन्शन. डाळीला तीन शिट्ट्या, तीन झाल्या की बंद, असा माझा हिशेब, आणि ही बाहेर शेजारणीशी बोलत उभी. मी आतून ओरडलो, "तिसरी झाली. चौथी व्हायला आली." ती तिथूनच म्हणाली, "‘चौथी शिट्टी’," आणि गाणं सांगायच्या आत वरून ड्रम जे सुरू झाले ते डाळ लागली तरी थांबले नाहीत. कॉलेज रोडला एका छोट्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला, मागे पडद्यावर लाल अक्षरांत ‘चौथी शिट्टी’. आम्ही दोघं पहिल्या रांगेत, कानात कापूस. पोरंपोरी केस उडवत होती, स्टेजवर तर केस एकालाच. मी सगळा वेळ वर टांगलेल्या दिव्यांकडे बघत होतो, पडले तर कोणावर पडतील याचा अंदाज घेत. गुरुजींनी तो चरकातला आवाज काढला, दोन गाणी झाली, तीन झाली, आणि जरा शांत झालं तेव्हा ही उठून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "तीन झाल्या. आता बंद करा, डाळ लागंल." हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. येताना रिक्षात ती नुसती हसत होती. घर जवळ आलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, गॅस," आणि ती म्हणाली, "आज नको. आज माझा कार्यक्रम झालाय."

आता मुद्द्याचं. ती स्वतःच्या दुखण्यांचीही नावं करायची. ‘गुडघ्याची वाटी’ तिचंच. ‘उजव्या कानात दडे’ तिचंच, पहिलं गाणं ‘काय म्हणालात’. पित्त झालं की ‘कडू पाणी’. मी घाबरू नये म्हणून करायची की सवय लागली म्हणून, ते मी कधी विचारलं नाही. म्हणजे ‘डाव्या हाताला मुंग्या’ हे नाव असू शकतं. आवाजही तोच होता, सरळ, काही विशेष नसल्यासारखा. पण नाव असेल तर गाणं पाहिजे. ती थांबायची आणि मग गाणं सांगायची. मी थांबलो नाही. मी "आलोच" म्हणून जिन्यात शिरलो. मागे ती काही बोलली का? वरच्या मजल्यावर कोणाचा तरी मिक्सर चालू होता. मी तो मिक्सर रोज ऐकतो आणि त्याच्या मागे काही आहे का ते शोधतो.

आणि मी वर काय करत होतो? सिलिंडरचं बटण बघितलं, बंद. शेगडीची दोन्ही बटणं, बंद. नळ पिळला. कडी हलवून बघितली. मग परत सिलिंडरजवळ आलो, कारण कडी बघताना मला वाटलं की बटण मी बघितलं नाही, नुसतं बघितल्यासारखं केलं. तिथे खाली बसून त्यावर हात ठेवला आणि बसून राहिलो, भट्टीपाशी उभा राहायचो तसा. किती वेळ ते सांगता येत नाही. मला बरं वाटत होतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. खाली ती जात होती आणि वर मला बरं वाटत होतं.

दवाखान्यात साहेबांच्या गाडीने नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरला मी विचारलं, तिसऱ्यांदा वर गेलो नसतो तर? त्याला काही कळलं नाही, कसं कळणार. मी परत विचारलं, थोडं आधी आणलं असतं तर वाचली असती का? तो हातातल्या कागदाकडे बघत म्हणाला, "काका, असं सांगता येत नाही." नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं. हो म्हणाला असता तरी एक झालं असतं. हे ‘सांगता येत नाही’ म्हणजे शेगडीच्या बटणासारखं आहे, बघून आलो तरी परत बघावंसं वाटतं.

तेरा दिवस वर ड्रम वाजले नाहीत. मला त्या शांततेचीच भीती वाटायला लागली, सहा वाजले की मी छताकडे बघत बसायचो. चौदाव्या दिवशी मी जिना चढून गेलो आणि साहेबांना म्हटलं, वाजवा, स्लॅब आहे की नाही ते कळत नाही. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मी त्यांना मुंग्यांचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही इन्स्पेक्टर आहात. नाव होतं का ते?" ते त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "गाणं सांगितलं का काकूंनी?" मी म्हटलं, "मी थांबलो नाही." पास नाही, नापास नाही. मग म्हणाले, "काकू मला एकदा बोलल्या होत्या. म्हणाल्या, ह्यांची भीती पोटात वाजते, तिला नाव दिलं की जरा बाहेर वाजते." मी म्हटलं, "मग आता कुठे वाजेल?" त्यावर ते उठले आणि आत जाऊन वाजवायला लागले. मी ऐकत बसलो. कापूस नव्हता, तरी बसलो.

पण हे सगळं नंतरचं. ती गेली त्याच दिवशी संध्याकाळी सगळं उरकलं. पिंपळगावहून मुलगी आणि जावई आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला जायचं होतं. घरात शेगडी पेटलेलीच नव्हती. मयताच्या घरात पेटवत नाहीत, शेजारणीने पिठलं-भात आणला होता आणि सकाळचा चहाही तिच्याकडूनच किटलीत आला. म्हणजे आदल्या दिवशी मी स्वतः हात ठेवून बसलो होतो, त्यानंतर त्या बटणाला कोणी शिवलेलं नव्हतं. हे मला माहीत होतं. मुलीने कुलूप लावलं, आम्ही तीन जिने उतरलो. साहेबांनी गाडी काढून आणली होती. गुरुजी पुढे नदीवर थांबणार होते. मी कडुनिंबापाशी आलो. बाक रिकामा होता, त्यावर दोन-चार पिवळी पानं. आणि माझ्या पोटात कालवलं.

मी कोणाला काही विचारलं नाही. मुलीच्या हातातून किल्ली घेतली आणि वळलो. वर गेलो, दार उघडलं, सिलिंडरजवळ बसलो, बटण बघितलं. हात ठेवला नाही, नुसतं बघितलं. शेगडी पुसलेली होती, कोरडी. कुलूप लावून खाली आलो. सगळी गाडीपाशी उभी. कोणी चिडलं नाही. कोणी प्लंबर काढला नाही. सगळे माझ्याकडे असे बघत होते, जशी दयेने माणसं बघतात, आणि तेवढं मला सहन होईना.

मी गाडीत बसलो. जावई चांगला माणूस, शेतातला, मनात काही न ठेवणारा. तो शेजारी बसत म्हणाला, "बंद व्हता ना मामा?"

"बँड," मी म्हटलं.

त्याला वाटलं, म्हाताऱ्याची जीभ जड झाली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून त्याने परत विचारलं, "बंद ना?"

"बँड."

पुढे साहेबांनी किल्लीवर हात ठेवला होता, तो तसाच राहिला. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मला त्यांचं टक्कल तेवढं दिसत होतं. मग ते इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

"पहिलं गाणं कोणतं, काका?"

ती होती तोवर मला एक गाणं सुचलं नव्हतं. मी काचेतून बाकाकडे बघितलं.

"आलोच," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि गाडी सुरू केली.